सांडव्याचा डायोड

मराठवाड्यात आणि विदर्भात मे महिन्यातला वळीव बहुधा दुपारनंतर येतो. दिवसभर तापलेल्या रानावर ढग चढतात, वारा सुटतो, अर्धा तास कडकडाट होतो आणि पाऊस उघडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवरचा पंप मोबाइलवरून चालू होत नाही. पेटी उघडून पाहिली तर कुठे काळं पडलेलं नसतं, जळका वास नसतो, फ्यूजही शाबूत असतो. वीज पेटीवर पडलेलीच नसते. ती पडलेली असते दोन-तीन शेतं ओलांडून, बांधावरच्या एखाद्या बाभळीवर. मोटर ठणठणीत असते, स्टार्टर ठणठणीत असतो. गेलेली असते फक्त एक नखाएवढी चिप, विहिरीतल्या सेन्सरची तार बोर्डाला मिळते त्या जागेवरची.

शेतातली ही इलेक्ट्रॉनिक्स आता चैनीची राहिलेली नाही. थ्री फेज लाईट रात्रीच्या पाळीत आली की अंधारात, सापाकिरड्याच्या वाटेनं विहिरीवर जायचं नसेल तर मोबाइल स्टार्टर लागतो. पाणी तळाला गेलं तर मोटर कोरडी चालू नये म्हणून पातळी सांगणारा सेन्सर लागतो. ऐन हंगामात असा बोर्ड गेला की दुरुस्तीसाठी तालुक्याला खेटे घालावे लागतात आणि पिकाचं पाणी तोवर थांबतं. हे नुकसान बऱ्याच वेळा टाळता येण्यासारखं असतं, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहावंसं वाटलं.

मोटर वाचते आणि चिप मरते, याचं कारण त्यांच्या घडणीत आहे. 415 व्होल्टवर चालणाऱ्या मोटरच्या वाइंडिंगवर क्षणभर हजार व्होल्ट आले तरी तिचं इन्सुलेशन ते सोसतं. 3.3 व्होल्टवर चालणाऱ्या मायक्रोकंट्रोलरमध्ये मात्र ट्रान्झिस्टरच्या गेटखाली ऑक्साइडचा जो थर असतो, त्याची जाडी अवघी काही नॅनोमीटर असते. अशा अनेक चिपच्या डेटाशीटमध्ये पुरवठ्याची कमाल मर्यादा 4 व्होल्टच्या आसपास लिहिलेली असते. 3.3 आणि 4 यांच्यामध्ये जेवढं अंतर आहे, तेवढीच त्या चिपची सहनशक्ती. चिप लहान होत गेल्या, स्वस्त झाल्या, कमी विजेवर चालू लागल्या, आणि त्याच ओघात नाजूक होत गेल्या.

पण वीज तिकडे बाभळीवर पडली तर इथे उसळी आली कुठून? एक वाट हवेतून आहे. कोसळणाऱ्या विजेत साधारण 30 हजार अँपिअर करंट असतो आणि तो काही मायक्रोसेकंदांत शून्यावरून शिखराला पोचतो. त्याच्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र तितक्याच वेगानं बदलतं आणि त्या क्षेत्रात सापडलेल्या तारेच्या प्रत्येक वेढ्यात व्होल्टेज उभं करतं. हिशेब करून पाहू. वीज 300 मीटरवर पडली, तिचा करंट दर मायक्रोसेकंदाला 10 हजार अँपिअरनं वाढतो आहे, आणि सेन्सरची 200 मीटर केबल कुंपणाला बांधत जमिनीपासून अर्धा मीटर उंचीवरून नेली आहे. केबल आणि जमीन मिळून 100 चौरस मीटरचा वेढा झाला. फॅरडेच्या नियमानं त्यात सुमारे साडेसहाशे व्होल्ट येतात. केबलच्या दोन तारा एकमेकींना पीळ घालून घेतल्या तर त्या दोघींमधला वेढा नाहीसा होतो, पण तारा आणि जमीन यांच्यामधला वेढा तसाच राहतो.

दुसरी वाट जमिनीतून आहे आणि ती जास्त घातक आहे. वीज जमिनीत शिरली की करंट चारही दिशांना पसरतो. माती काही तांब्याची तार नव्हे, त्यामुळे पडल्या जागेपासून दूर जावं तसं जमिनीचं व्होल्टेज उतरत जातं. मातीची रोधकता 100 ओहम-मीटर आणि करंट 30 हजार अँपिअर धरला, तर विजेपासून 50 मीटरवरची जमीन आणि 250 मीटरवरची जमीन यांच्यात साडेसात हजार व्होल्टच्या वर फरक पडतो. मुरमाड, खडकाळ रानात तो आणखी वाढतो. झाडाखाली उभी गुरं वीज अंगावर न पडताही दगावतात ती याच फरकामुळे, कारण त्यांच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त असतं. आपल्या सेन्सरच्या तारेचं एक टोक विहिरीपाशी असतं आणि दुसरं घराजवळच्या पेटीत. दोन्हीकडे वेगवेगळं अर्थिंग असेल, तर जमिनीतला हा सगळा फरक त्या बारीक तारेच्या दोन टोकांना येऊन भिडतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप माणसाला वेळेवर सावध करू शकतं. तारेला आडोशाला जाता येत नाही, म्हणून तिची सोय आधीच करून ठेवावी लागते.

त्या सोयीतला मुख्य घटक म्हणजे सप्रेसर डायोड, ज्याला बाजारात टीव्हीएस म्हणतात. साधा डायोड एका दिशेनं करंट जाऊ देतो आणि उलट दिशेनं अडवतो, हे शाळेतच शिकवतात. या अडवण्याला मर्यादा असते. उलट दिशेचं व्होल्टेज वाढवत नेलं की एका टप्प्यावर जंक्शनमधल्या एखाद्या इलेक्ट्रॉनला इतका वेग मिळतो की तो सिलिकॉनच्या अणूवर आदळून दुसरा इलेक्ट्रॉन मोकळा करतो. ते दोघं पुढे आणखी दोघांना मोकळं करतात, आणि बघता बघता अडवणारा डायोड सताड उघडतो. साध्या डायोडला हे बहुधा जिवावर बेततं. सप्रेसर डायोड मात्र यासाठीच घडवलेला असतो. त्याचं जंक्शन मोठ्या क्षेत्रफळाचं असतं, म्हणजे करंट एकाच बिंदूवर गोळा होत नाही, आणि क्षणभराची उष्णता झेलायला त्याला धातूची जोड दिलेली असते.

तो सर्किटला समांतर आणि उलटा जोडायचा, कॅथोड पॉझिटिव्हकडे. एरवी तो काहीच करत नाही. व्होल्टेज ठरावीक पातळीच्या वर गेलं की उघडतो आणि जादा करंट स्वतःतून ग्राउंडकडे सोडतो. धरणाच्या सांडव्याचं काम हेच असतं, आणि सांडव्याची आणखी एक गोष्ट इथे तंतोतंत लागू पडते. पाणी सांडव्याच्या माथ्याला टेकलं की वाहू लागतं खरं, पण मोठा पूर आला तर माथ्याच्याही वर दोन-चार फूट चढून वाहतं. गाव त्या चढलेल्या पातळीच्या वर असलं तरच वाचतं.

डायोडच्या डेटाशीटमधले तीन आकडे हेच सांगतात. एसएमबीजे24ए हा खूप वापरला जाणारा डायोड घेऊ. त्याचं स्टँडऑफ व्होल्टेज 24 आहे, म्हणजे तिथपर्यंत तो कायम लावून ठेवला तरी गप्प बसतो. ब्रेकडाऊन 26.7 ते 29.5 च्या दरम्यान, तिथे तो वाहू लागतो. आणि क्लॅम्पिंग व्होल्टेज 38.9, म्हणजे त्याच्यातून 15.4 अँपिअर जात असताना त्याच्या दोन टोकांत एवढं व्होल्टेज उरू शकतं. 24 लिहिलेला डायोड 24 वर रोखतो अशी समजूत दुकानदारापासून पदविकेच्या विद्यार्थ्यापर्यंत सर्रास आढळते. मागच्या सर्किटला क्षणभर 39 व्होल्ट सोसायचे आहेत, ही गोष्ट या समजुतीत हरवून जाते.

सोलरवर चालणाऱ्या एका पंप कंट्रोलरचं उदाहरण घेतलं की निवड किती अवघड आहे ते कळतं. त्यात 12 व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी आहे, म्हणून कोणी एसएमबीजे12ए लावला. पण ही बॅटरी चार्ज होताना 14.4 व्होल्टपर्यंत जाते आणि या डायोडचं ब्रेकडाऊन 13.3 पासून सुरू होतं. म्हणजे ऊन चढलं की रोज डायोड वाहणार, तापणार आणि एक दिवस मरणार. मग एसएमबीजे15ए घेतला. त्याचं ब्रेकडाऊन 16.7 पासून पुढे, म्हणून चार्जिंगचा प्रश्न मिटला. पण बॅटरीचं टर्मिनल गंजून सुटलं आणि चार्ज कंट्रोलर साधा असला, तर पॅनेलचं उघडं व्होल्टेज थेट बोर्डावर येतं, आणि 12 व्होल्टच्या पॅनेलचं ते 21-22 व्होल्ट असतं. ते सोसायचं तर एसएमबीजे24ए हवा. तो लावला की उसळीच्या वेळी मागे 38.9 व्होल्ट जाऊ शकतात, आणि बोर्डावर जुना 7805 रेग्युलेटर असेल तर त्याची इनपुटची मर्यादा 35 व्होल्टची आहे. डायोड जिवंत आणि रेग्युलेटर मेलेला! त्याऐवजी एलएम2596 घेतला, तर त्याची कमाल मर्यादा 45 व्होल्ट आहे आणि जोडी जुळते.

डायोडची निवड एकट्या डायोडची नसते, हे यातून दिसतं. खाली रोजचं सर्वांत जास्त व्होल्टेज, वर मागच्या चिपची कमाल मर्यादा, आणि या दोहोंच्या मधल्या जागेत डायोडचे तिन्ही आकडे बसायला हवेत. बसत नसतील तर चिप बदलावी लागते, नाहीतर मध्ये काहीतरी घालावं लागतं.

खरेदी करताना आणखी एक खाच लक्षात ठेवावी. एसएमबीजे मालिकेतला आकडा स्टँडऑफचा असतो, तर पी6केई आणि 1.5केई या मालिकांत तो ब्रेकडाऊनचा असतो. एसएमबीजे15ए 15 व्होल्टपर्यंत गप्प असतो, पण पी6केई15ए चं स्टँडऑफ 12.8 आणि ब्रेकडाऊन 14.3 पासून. आकडा एकच, पण आपल्या बॅटरीवर एक चालेल आणि दुसरा गळेल. शेवटी ‘सीए’ असेल तर डायोड दोन्ही दिशांनी रोखणारा असतो. नुसता ‘ए’ असेल तर एकाच दिशेनं रोखतो, आणि उलट दिशेनं साध्या डायोडसारखा वाहतो. डीसी पुरवठ्यावर हा दुसरा प्रकारच बरा, कारण निगेटिव्ह उसळी तो एखाद-दोन व्होल्टांवरच अडवतो.

आता ताकद. एसएमबीजे 600 वॅटचा, एसएमसीजे 1500 वॅटचा असं म्हणतात तेव्हा ते वॅट कायमचे नसतात. 10 मायक्रोसेकंदांत शिखराला पोचणाऱ्या आणि 1000 मायक्रोसेकंदांना अर्ध्यावर येणाऱ्या एका ठरावीक उसळीसाठी ते असतात. त्या उसळीतली सगळी ऊर्जा मोजली तर 600 वॅटच्या डायोडसाठी ती एक ज्यूलही भरत नाही. उसळी जितकी छोटी तितके वॅट जास्त झेपतात: 8 मायक्रोसेकंदांत चढून 20 मायक्रोसेकंदांत अर्ध्यावर येणाऱ्या उसळीला हाच डायोड साधारण 4000 वॅट झेलतो. उसळी लांबली की उलटं होतं. डायोडचं कवच मे महिन्यात पत्र्याच्या पेटीत 60-70 अंशांवर असेल, तर क्षमता आणखी घटते, कारण डेटाशीटमधले आकडे 25 अंशांचे असतात.

म्हणून उसळीबद्दल ‘किती व्होल्टची?’ एवढंच विचारून भागत नाही. तिच्यामागे किती ओहम आहेत, हे विचारावं लागतं. आयईसी 61000-4-5 या आंतरराष्ट्रीय चाचणीत पुरवठ्याच्या दोन तारांमध्ये 1000 व्होल्टची उसळी सोडतात तेव्हा तिच्यामागे फक्त 2 ओहम असतात, म्हणजे वाट मोकळी मिळाली तर 500 अँपिअर. तेच 1000 व्होल्ट सिग्नलच्या तारेवर सोडताना मागे एकूण 42 ओहम धरतात, म्हणजे 24 अँपिअरच्या आत. पहिल्या ठिकाणी एकटा एसएमबीजे फुटेल, दुसऱ्या ठिकाणी आरामात तरेल.

विहिरीच्या सेन्सरकडे परत येऊ. लांब तारेवर सेन्सर जोडताना आरएस-485 ही पद्धत सगळीकडे चालते, आणि तिच्या वाहिन्यांवर ग्राउंडच्या तुलनेत उणे 7 ते अधिक 12 व्होल्ट हे सामान्य कामकाज मानलं जातं. दोन्ही बाजूंना वेगळी मर्यादा, म्हणून तिच्यासाठी खास असममित डायोड निघाला: एसएम712, एका बाजूला 7 आणि दुसऱ्या बाजूला 12. तो लावून लोक निश्चिंत होतात. पण 17 अँपिअरला त्याचं क्लॅम्पिंग 26 व्होल्टांपर्यंत जातं आणि जुन्या मॅक्स485 चिपची मर्यादा अधिक 12.5 व्होल्ट आहे. एवढी तफावत असताना चिप वाचवायची तर डायोड आणि चिप यांच्यामध्ये प्रत्येक तारेत 10 ओहमचा, उसळी सोसणारा रेझिस्टर टाकतात. मग डायोडवर उरलेल्या व्होल्टेजमुळे चिपमध्ये शिरणारा करंट मर्यादित राहतो आणि चिपच्या आतलं छोटं संरक्षण तेवढा पचवतं. काही पैशांचा हा रेझिस्टर स्वस्त बोर्डांत सगळ्यात आधी गाळला जातो, आणि मला त्याचा खरोखर राग येतो. डायोड दाखवून बोर्ड ‘लाइटनिंग प्रोटेक्टेड’ म्हणून विकायचा आणि डायोडला उपयोगी पडू देणारा भागच काढून टाकायचा, ही शेतकऱ्याची फसवणूक आहे.

हजारो व्होल्टची, शेकडो अँपिअरची उसळी येण्याची शक्यता असेल तिथे डायोडच्याही पुढे गॅस डिस्चार्ज ट्यूब लागते. चिनी मातीच्या किंवा काचेच्या छोट्या नळीत वायू भरलेला असतो. व्होल्टेज शे-दोनशेच्या पुढे गेलं की आत ठिणगी पेटते आणि नळी हजारो अँपिअर वाहून नेते. तिचा दोष म्हणजे ती पेटायला वेळ घेते, आणि तोवर तिच्यामागे शेकडो व्होल्ट जातात. डायोड क्षणात उघडतो, पण फार झेलू शकत नाही. दोघांना थेट एकमेकांना जोडलं तर गंमत होते. डायोड आधी उघडून व्होल्टेज 30-40 वर दाबून धरतो, त्यामुळे नळी पेटतच नाही आणि सगळा भार डायोडवर पडून तो फुटतो. म्हणून मध्ये रेझिस्टर किंवा छोटी कॉइल हवी. करंट तिच्यातून जाताना तिच्यावर व्होल्टेज उभं राहतं, ते डायोडच्या व्होल्टेजमध्ये मिळून नळीला पेटवतं, आणि मग मोठा भार नळी उचलते. डीसी पुरवठ्याच्या तारेवर नळी लावताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. एकदा पेटलेली ठिणगी 10-20 व्होल्टवरही तग धरते, म्हणजे 24 व्होल्टची लाईन तिला विझू देत नाही.

आणि हे सगळं करूनही साडेसात हजार व्होल्टच्या जमिनीच्या फरकावर ते पुरेसं नाही. दोन अर्थिंगमधला करंट तारेतून जाऊ द्यायचाच नसेल तर तार विजेच्या दृष्टीनं तोडावी लागते: ऑप्टोकप्लर किंवा आयसोलेटेड आरएस-485 आणि त्याला वेगळा आयसोलेटेड पुरवठा. शंभर मीटरच्या पुढे तर केबलच नको, रेडिओनं निरोप पाठवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. एकाच पेटीत येणाऱ्या मोटरच्या, सेन्सरच्या, अँटेनाच्या सगळ्या तारांचं संरक्षण एकाच अर्थ पट्टीला बांधावं. कोळसा-मीठ घालून केलेला अर्थिंगचा खड्डा कितीही चांगला असला, तरी त्याच्यापर्यंतची तार दहा मीटर लांब असेल तर उसळीच्या वेळी पेटीतलं ग्राउंड जमिनीपेक्षा बरंच वर उचललं जातं. त्या वेळी महत्त्वाचं हे असतं की पेटीतलं सगळं एकत्र वर जावं, एकाला वर आणि दुसऱ्याला खाली राहू देऊ नये.

बोर्डावरही हाच विचार चालतो. तारेच्या किंवा ट्रॅकच्या दर सेंटिमीटरला साधारण 10 नॅनोहेन्री इंडक्टन्स असतो. विजेच्या 8 मायक्रोसेकंदांत चढणाऱ्या 100 अँपिअरमुळे त्याच्यावर अर्धा व्होल्टही उभा राहत नाही. पण कोरड्या हिवाळ्यात स्वेटर काढून कोणी यूएसबीच्या तोंडाला हात लावला तर गोष्ट बदलते. आयईसी 61000-4-2 च्या 8 किलोव्होल्टच्या चाचणीत सुरुवातीचा 30 अँपिअरचा सुळका एका नॅनोसेकंदाच्या आत उभा राहतो. डायोडकडे जाणारा ट्रॅक एक सेंटिमीटर लांब असेल तर त्या ट्रॅकवरच 300 व्होल्ट उभे राहतात. डायोड आपल्या जागी 9 व्होल्टवर अडवत असतो आणि चिपला 309 दिसतात. म्हणून डायोड कनेक्टरच्या तोंडाशी, तार आत शिरते तिथे बसवायचा. आधी डायोडच्या पॅडवर जायचं आणि तिथूनच पुढे चिपकडे. फांदी काढून बाजूला डायोड टांगायचा नाही. डायोडचं ग्राउंडचं पाऊल दोन-तीन व्हायांनी थेट ग्राउंड प्लेनमध्ये उतरवायचं. ही ट्रॅकची आखणी फुकट असते, म्हणून ती न करण्याला काही सबब नाही.

यूएसबीसारख्या वेगवान तारांवर मोठा डायोड चालत नाही हेही इथेच सांगायला हवं. मोठ्या जंक्शनची कपॅसिटन्स मोठी, 5 व्होल्टच्या 600 वॅट डायोडची हजारो पिकोफॅरडमध्ये. 480 मेगाबिटचा सिग्नल तिथेच बुडतो. तिथे एखाद-दोन पिकोफॅरडचे, खास रचनेचे छोटे डायोड लागतात. दुसरी अडचण गळतीची. कमी व्होल्टच्या डायोडमध्ये वर सांगितलेल्या आदळआपटीऐवजी क्वांटम टनेलिंगचा वाटा मोठा असतो. त्याचं गणित क्लॅरेन्स झेनर यांनी 1934 मध्ये मांडलं, आणि त्यामुळे उंबरठा धारदार राहत नाही. एसएमबीजे5.0ए 5 व्होल्टवर शांत बसलेला असतानाही 800 मायक्रोअँपिअरपर्यंत गळू शकतो. तेवढ्या गळतीला 2000 मिलीअँपिअर-तासांची बॅटरी साडेतीन महिन्यांत संपते, सेन्सरनं काही काम न करता. 10 व्होल्टच्या वरचे डायोड या बाबतीत कितीतरी सोज्वळ असतात, काही मायक्रोअँपिअरवर भागवतात. म्हणून बॅटरीवरच्या यंत्रात डायोड 5 व्होल्टच्या बाजूला न लावता रेग्युलेटरच्या अलीकडे, जास्त व्होल्टच्या बाजूला लावणं शहाणपणाचं.

उसळी बाहेरूनच येते असं नाही. स्टार्टरमधल्या काँटॅक्टरची कॉइल बंद होते तेव्हा तिच्यात साठलेली ऊर्जा कुठेतरी जायला बघते आणि शेकडो व्होल्टचा सुळका काढते. डीसी कॉइलवर साधा डायोड उलटा लावला की सुळका जातो, पण करंट डायोडमधून फिरत राहिल्यामुळे काँटॅक्ट सावकाश सुटतात आणि त्यांच्यावर ठिणगी लांबते. त्याच्या जोडीला एक सप्रेसर डायोड मालिकेत टाकला तर ऊर्जा लवकर जिरते आणि काँटॅक्ट चटकन सुटतात.

गाड्यांचं जग वेगळं आहे, पण तिथेही याच डायोडवर भिस्त असते आणि तिथे त्याची हद्द दिसते. इंजिन चालू असताना, अल्टरनेटर बॅटरीला भरपूर करंट देत असताना बॅटरीची केबल सुटली तर अल्टरनेटरला लगेच थांबता येत नाही आणि व्होल्टेज उसळतं. याला लोड डंप म्हणतात. आयएसओ 16750-2 या मानकात 12 व्होल्टच्या गाडीसाठी हे शिखर 79 ते 101 व्होल्ट आणि कालावधी 40 ते 400 मिलीसेकंद दिला आहे. इथे मिलीसेकंद आहेत, मायक्रोसेकंद नाहीत. 87 व्होल्टचं शिखर, मागे 2 ओहम आणि 400 मिलीसेकंद धरले आणि डायोडनं 37 व्होल्टवर रोखलं, तर त्याच्यात सुमारे 75 ज्यूल जिरतात. एका ज्यूलच्या आतला एसएमबीजे तिथे काहीही करू शकत नाही. त्यासाठी काही हजार वॅटचे खास लोड डंप डायोड असतात. नाहीतर वेगळाच मार्ग घेतात: व्होल्टेज वाढलं की मॉस्फेटनं वाट तोडायची आणि उसळी जाईपर्यंत थांबायचं. अनेक नव्या अल्टरनेटरांच्या आतच डायोड बसवलेले असतात, ते हे शिखर 35 व्होल्टच्या आसपास आणतात. ट्रॅक्टरवर किंवा जुन्या ट्रकवर जीपीएस बसवताना मात्र त्यावर विसंबू नये.

लांबलेली उसळी डायोडला झेपत नाही, याच कारणानं एक गैरसमजही दूर व्हायला हवा. ‘लाईट जास्त आली’ म्हणून जे नुकसान होतं, ते बहुतेक वेळा या डायोडच्या कक्षेतलं नसतं. डीपीवरचा न्यूट्रल तुटला की एका फेजवर 230 ऐवजी साडेतीनशे-चारशे व्होल्ट मिनिटामागून मिनिटं राहू शकतात. ती उसळी नव्हे, तो मुक्काम आहे. त्यासमोर डायोड किंवा व्हॅरिस्टर काही क्षणांत जळतात. तिथे व्होल्टेज मोजून पुरवठा तोडणारा रिले हवा.

डायोड बहुतेक वेळा मरताना शॉर्ट होऊन मरतो. हे चांगलं आहे, कारण मागच्या चिपला तो शेवटपर्यंत झाकतो आणि त्याच्या अलीकडे फ्यूज असेल तर फ्यूज उडून गोष्ट तिथेच थांबते. फ्यूज नसेल तर बारीक ट्रॅक जळतो. दुरुस्तीच्या टेबलावर इथूनच पुढचं नुकसान सुरू होतं. मेकॅनिक मीटर लावतो, पुरवठ्याला शॉर्ट दिसतो, एक एक भाग उचलत जातो, डायोड उचलला की शॉर्ट जातो आणि बोर्ड चालू होतो. ‘हा भाग नसला तरी चालतंय’ म्हणून ती जागा रिकामी राहते. बोर्ड खरंच चालतो, पुढच्या वळवापर्यंत.

म्हणून दुरुस्तीला बोर्ड देताना मालकानं विचारावं की काढलेल्या डायोडच्या जागी तोच डायोड बसवला का. मीटरवर तपासणं सोपं आहे: बोर्डावरून सुटा केलेला एकदिश डायोड डायोड-मोडवर एका बाजूनं 0.5 ते 0.7 व्होल्ट दाखवतो आणि दुसऱ्या बाजूनं काहीच नाही. दोन्ही बाजूंनी शून्याजवळ आकडा आला तर तो गेला. दोन्ही दिशांचा असेल तर चांगल्या स्थितीत तो दोन्हीकडे काहीच दाखवत नाही, त्यामुळे तो शॉर्ट नाही एवढंच मीटर सांगतं, उघडा पडलाय की नाही ते सांगत नाही. छोट्या डायोडच्या अंगावर पूर्ण क्रमांक मावत नाही, दोन अक्षरांचा संकेत असतो. तो डेटाशीटच्या तक्त्यात शोधावा लागतो, आणि जळलेल्या डायोडवर तर तो वाचताही येत नाही. शेतीचे बोर्ड बनवणाऱ्यांनी प्रत्येक सप्रेसर डायोडचा पूर्ण क्रमांक पीसीबीवर, त्याच्या शेजारीच छापावा. त्याला जागा लागते ती एका सेंटिमीटरची, आणि तालुक्याच्या दुकानातल्या मेकॅनिकला दुसरं काही शोधावं लागत नाही.